तळ्याकाठचा वेळू : ओळख आणि नियंत्रण

पाण्याच्या काठी वेळूची हिरवी दाटी शोभून दिसते. तिच्यामुळे वारा अडतो, सावली मिळते आणि काठाची माती धरून राहते. म्हणून बागेतील तळ्याशेजारी वेळू पुष्कळदा लावलेला आढळतो. परंतु काही ठिकाणी थोड्याच वर्षांत मूळ जागेपासून दूर नवे कोंब उगवू लागतात, तळ्याचे अस्तर फाटते आणि पाणी झिरपून जाते. मग दोष सगळ्याच वेळूंच्या माथी मारला जातो. वस्तुतः वेळूंच्या वाढीच्या दोन निराळ्या रीती आहेत. आपल्यापुढील वेळू कोणत्या रीतीने वाढतो हे ठरविल्यावाचून कुऱ्हाड हाती घेणे म्हणजे निदानापूर्वीच औषध देणे होय.

१. तो वेळूच आहे काय?

वेळू हे गवताच्या कुळातील झाड आहे. पाणथळ जागी त्याच कुळातील नळ आणि देवनळ हेही उंच वाढतात व दुरून वेळूसारखेच भासतात. यांतील भेद पानावरून कळतो. वेळूचे पान आखूड देठासारख्या भागाने आवरणाला जोडलेले असते. नळाचे व देवनळाचे पान असा देठ न ठेवता सरळ खोडाला वेढून निघते. शिवाय नळ पाण्यात उभा राहू शकतो. वेळूला मात्र मुळांशी सदैव साचलेले पाणी सहसा मानवत नाही. घरात पाण्याच्या बाटलीत ठेवतात तो ‘लकी बांबू’ तर गवताच्या कुळातीलही नव्हे.

वनस्पती ओळखण्याचे नेहमीचे साधन म्हणजे फूल. वेळूच्या बाबतीत ते फारसे उपयोगी पडत नाही, कारण अनेक जाती दीर्घ काळाने एकदाच फुलतात. मिझोरममधील मुळी वेळू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. त्याचा एक बहर १९५९ च्या सुमारास आला, तर त्यानंतरचा २००७ च्या सुमारास. तेव्हा आपणांस खोड व जमिनीखालील भाग यांवरच अवलंबून राहावे लागते.

२. बेट करणारा आणि धावणारा

वेळूचे खरे रहस्य त्याच्या भूमिगत खोडात, म्हणजे मूलक्षोडात, आहे. मानवेल, काटेरी कळक इत्यादी आपल्याकडील बहुतेक वेळूंचे मूलक्षोड आखूड, जाड व वाकडे असते. त्याचे टोक लवकरच वर वळून त्याचाच नवा वेळू बनतो. त्यामुळे झाड जागा सोडत नाही. त्याचा घेर वर्षाला थोडाथोडा वाढतो. अशा समूहाला मराठीत ‘बेट’ म्हणतात, आणि तो शब्द येथे अगदी समर्पक आहे.

दुसऱ्या प्रकारात मूलक्षोड बारीक व लांब असून जमिनीखाली आडवे धावते. त्याच्या पेऱ्यांवरील डोळ्यांतून अंतराअंतराने कोंब वर येतात. फायलोस्टॅकिस वंशातील वेळू या प्रकारचे होत. त्यांची खूण सोपी आहे : फांद्या फुटतात त्या बाजूला कांड्यावर उभी खाच असते व प्रत्येक पेऱ्यावर बहुधा दोन असमान फांद्या निघतात. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या सोनेरी वेळूची (फायलोस्टॅकिस ऑरिया) बुंध्याजवळची कांडी आखूड व दाटीने बसलेली दिसतात.

मुळी वेळू मात्र या दोहोंमधला वाटतो. त्याचे मूलक्षोड पहिल्या प्रकारचेच असते, पण त्याची मान लांब असल्यामुळे तो विरळ पसरत जातो. म्हणून केवळ वरून पाहून निर्णय करू नये. बुंध्याजवळची माती उकरून खात्री करावी.

३. तळ्याला धोका कसा पोहोचतो?

धावत्या मूलक्षोडाचे टोक अणकुचीदार असते. तळ्याचा काठ ओलसर, पण हवा खेळती असलेला असतो. अशा मातीत ते सहज शिरते आणि प्लास्टिकच्या अस्तराला भोक पाडू शकते. दुसरा धोका दोन्ही प्रकारांत सारखाच आहे. गळालेला पाला पाण्यात कुजताना प्राणवायू वापरला जातो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. त्यात ही भर पडली की मासे गुदमरतात. यास्तव पाला जाळीने वेळोवेळी काढावा.

४. नियंत्रण

बेट करणारा वेळू सहसा उपटण्याची गरज नसते. तीन वर्षांहून जुने वेळू तोडावेत, आणि तळ्याच्या बाजूने येणारे कोंब पावसाळ्यात कोवळे असतानाच मोडावेत.

धावत्या वेळूसाठी अडसर लागतो. तळ्याच्या व वेळूच्या मध्ये सुमारे ६० ते ७५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात जाड, चिवट प्लास्टिकचा पत्रा उभा बसवावा. त्याची वरची कड जमिनीच्या ५ सेंटिमीटर वर राहावी व वेळूपासून दूर झुकलेली असावी. म्हणजे अडलेले मूलक्षोड खाली न जाता वर वळते आणि नजरेस पडते. कडेवरून डोकावणारी टोके दरवर्षी तपासून कापावीत.

वेळू समूळ काढावयाचा असल्यास सर्व खोडे तोडून प्रत्येक नवा कोंब पाने फुटण्यापूर्वी मोडीत जावे. मूलक्षोडातील साठविलेले अन्न अशा रीतीने संपते. मात्र त्यास काही वर्षे लागू शकतात. डोळा असलेला तुकडाही पुन्हा उगवू शकतो, म्हणून खणलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवावेत. ओढ्यात टाकू नयेत. तणनाशके पाण्याजवळ वापरू नयेत, कारण त्यांतील काही मिश्रणे मासे व बेडूक यांना घातक असतात.

तथापि धावता वेळू हाही शत्रू नव्हे. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक फायलोस्टॅकिस वेळूची कुंपण घातलेली बने राखतात आणि घरबांधणीसाठी तो वापरतात. त्याला जागा नेमून द्यावी लागते, इतकेच.

विद्यार्थ्यांसाठी

१. परिसरातील वेळूच्या एका पेऱ्यावर किती फांद्या आहेत व कांड्याला खाच आहे काय, ते पाहा.
२. नवे कोंब जुन्या बुंध्यापासून किती अंतरावर उगवतात, ते मोजून नोंदवा.
३. या दोन नोंदींवरून तो वेळू तळ्याकाठी निर्धास्तपणे ठेवता येईल काय, ते सकारण लिहा.