जनावरांच्या आरोग्याची नोंद : वही, बिल्ला आणि मोबाईल ॲप

धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते आणि मध्ये विंध्याचा घाट उभा आहे. घाटावरच्या माळव्यात पांढुरक्या-करड्या रंगाची माळवी गाय पाळली जाते, तर घाटाखाली निमाडाच्या बाजूस तांबड्या अंगावर पांढरे डाग असलेली निमाडी. आठवड्याच्या बाजारात ही जनावरे एका गावातून दुसऱ्या गावात जातात. मालक बदलतो, दावे बदलते. परंतु जनावराला कोणती लस केव्हा टोचली, कोणता आजार होऊन गेला, कोणत्या वळूपासून ते जन्मले, ही माहिती बहुधा जुन्या मालकाच्या दारीच राहते. नवा मालक दात पाहून वय ठरवतो आणि बाकीचे विक्रेत्याच्या शब्दावर सोडतो.

या अज्ञानाची किंमत काय पडते, हे सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस या रोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. या रोगाची लस फक्त मादी वासराला, तेही ४ ते ८ महिने वयात, आयुष्यात एकदाच टोचावयाची असते. लस जिवंत जंतूंची असल्यामुळे गाभण जनावरास ती देता येत नाही. आता चार वर्षांनी ती कालवड गाय होऊन तिसऱ्या घरी गेली आणि सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो की, लहानपणी लस झाली होती काय. उत्तर कोणापाशीच नसते. हा रोग न उकळलेल्या दुधातून व वार हाताळताना माणसासही होतो. म्हणून हा प्रश्न केवळ गोठ्यापुरता राहत नाही.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस या दोन रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लसीकरणाबरोबरच जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारावयाचा आणि त्या क्रमांकावर प्रत्येक टोचणी नोंदवावयाची, अशी ही पद्धत आहे. ही नोंद प्रथम राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केलेल्या ‘इनाफ’ या संगणक प्रणालीत होत असे. पुढे ‘भारत पशुधन’ हा व्यापक नोंदसंग्रह तयार झाला व २ मार्च २०२४ रोजी तो राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्याच वेळी पशुपालकांसाठी ‘१९६२’ नावाचे ॲपही देण्यात आले. १९६२ हाच फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांकही आहे. त्यापूर्वी, सप्टेंबर २०२० मध्ये, ‘ई-गोपाला’ हे ॲप निघाले होते.

येथे पशुपालकाने एक भेद नीट समजून घ्यावा. ‘भारत पशुधन’मधील टोचणीची नोंद लस देणारा कर्मचारी करतो, मालक करीत नाही. मालकाच्या हाती राहते ते फक्त तपासणे. म्हणून टोचणी झाल्यावर कर्मचारी निघून जाण्यापूर्वी बिल्ल्यावरचे बारा अंक आपल्या वहीत उतरवून घ्यावेत आणि काही दिवसांनी त्या क्रमांकावर नोंद चढली की नाही, हे पाहावे. एक अंक चुकला, तर आपल्या गाईची लस दुसऱ्याच्या म्हशीच्या नावे जाते. मालकाचा मोबाईल क्रमांक नोंदीस जोडलेला असतो. तो बदलला किंवा जनावर विकले, तर दवाखान्यात कळवावे. विक्रीनंतरही नोंद जुन्या मालकाच्याच नावे पडून राहिल्याचे फार वेळा आढळते.

देवासच्या जुन्या मंडळींना या प्रकारात नवल वाटणार नाही. त्या एका गावात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी नांदत होती; दरबार दोन आणि दप्तरेही दोन. आपल्या जनावराचीही दोन दप्तरे राहणारच, एक सरकारी व एक घरचे. दोन्ही एका बिल्ला क्रमांकाने बांधलेली असली की पुरे.

घरच्या दप्तरात सरकारी नोंदीपेक्षा पुष्कळ अधिक मजकूर लागतो. गाय माजावर केव्हा आली, हे लिहिले तर पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी पाहता येतो. कृत्रिम रेतनाची तारीख व वळूचा क्रमांक लिहिला, तर गाय सुमारे २८० ते २८५ दिवसांनी आणि म्हैस सुमारे ३१० दिवसांनी विणार, याचा हिशेब राहतो आणि त्याच वळूचे रेत त्याच्याच कालवडीस दिले जाण्याची चूक टळते. प्रतिजैविक औषध दिल्यास शेवटच्या मात्रेची तारीख अवश्य लिहावी. औषधाच्या वेष्टनावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसी झाल्या की नाहीत, हे मे महिन्यात वही उघडून पाहावे, जुलैत नव्हे.

माळव्यातील मराठी घरांना एक खास अडचण येते, ती रोगांच्या नावांची. दवाखान्यात व ॲपमध्ये हिंदी नावे असतात. आपला घटसर्प तेथे ‘गलघोंटू’, फऱ्या म्हणजे ‘लंगड़ी बुखार’ आणि लाळ्या-खुरकूत म्हणजे ‘खुरपका-मुँहपका’. आजी एक नाव सांगते, नातू दुसरे नोंदतो आणि एकाच रोगाच्या दोन ओळी होतात. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावे समोरासमोर लिहून ठेवावीत. शाळेतील गुरुजींनी हे काम मुलांकडून करून घेतले, तर भाषेचा व विज्ञानाचा धडा एकदमच होईल.

आता घरच्या कुत्र्या-मांजरांविषयी. त्यांच्या कानात हा बिल्ला मारला जात नाही आणि त्यांच्यासाठी लोक बाजारातील खासगी ॲप घेतात. अशी ॲप पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बरीचशी नोंदीपेक्षा खाद्य व औषधे विकण्यासाठीच काढलेली दिसतात. निवड करताना प्रथम एवढेच विचारावे की, हे ॲप बंद पडले तर माझी माहिती माझ्याजवळ राहील काय. सर्व नोंदी कागदावर छापून किंवा पीडीएफ करून बाहेर काढता येत नसतील, तर ते ॲप कितीही देखणे असले तरी घेऊ नये. दुसरी कसोटी घाटाखालच्या गावांसाठी महत्त्वाची आहे: नेटवर्क नसताना नोंद करता व पाहता आली पाहिजे. लसीच्या पुढील तारखेची आठवण ते आधी देते काय, घरातील दोन माणसांना आपापल्या मोबाईलवर तीच नोंद दिसते काय, हेही पाहावे. जे ॲप कुत्र्याची लस नोंदण्यासाठी आपली संपर्कयादी व ठिकाण मागते, त्यास ते का हवे, याचा विचार करावा. पैसे भरून घ्यावयाचे असल्यास महिनाभर विनामूल्य वापरून मग ठरवावे.

मात्र मालकाने स्वतः ॲपमध्ये भरलेली ओळ म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि लसीच्या कुपीवरील गट क्रमांकाची चिठ्ठी असलेले लसीकरण-पुस्तक. त्या पानाचे छायाचित्र ॲपमध्ये ठेवावे व मूळ पुस्तक कपाटात. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे कुत्रे न्यावयाचे असेल, तर हा फरक फारच जाणवतो. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून कुत्रे नेताना त्याच्या कातडीखाली पंधरा अंकी मायक्रोचिप असावी लागते. ती आधी बसवून मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम आहे. चिप लसीनंतर बसवल्याचे तारखांवरून दिसले, तर ती लस गणली जात नाही व सर्व पुन्हा करावे लागते.

रेबीजची पहिली लस पिल्लास तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी द्यावयाची असते. नोंद पूर्ण असलेल्या कुत्र्याने एखाद्या मुलास चावा घेतला, तर घरचे लोक मोबाईल दाखवून ‘लस झालेली आहे’ असे सांगतात आणि प्रकरण तेथेच मिटते. असे होऊ देऊ नये. जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तेथे कातडीत देण्याच्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी व त्यानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. जखम खोल असेल, तर जखमेत प्रतिद्रव्यही देतात. कुत्र्याची नोंद डॉक्टरांना निर्णयासाठी उपयोगी पडते, परंतु ती शोधण्यात उपचार लांबवू नयेत. कुत्रे दहा दिवस बांधून त्यावर लक्ष ठेवावे आणि त्या दहा दिवसांची नोंदही लिहावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

शेवटी बिल्ल्याविषयी एक राहिले. चरताना झुडपात अडकून तो तुटतो व कान फाटतो. अशा वेळी घरच्या घरी दुसऱ्या जनावराचा बिल्ला अडकवू नये. वहीतील जुना क्रमांक घेऊन दवाखान्यात जावे. नवा बिल्ला मारून तो जुन्या नोंदीशी जोडून घ्यावा. विमा उतरलेला असल्यास विमा कंपनीसही नवा क्रमांक लेखी कळवावा आणि पोच घ्यावी, कारण जनावर दगावल्यावर दाव्याच्या वेळी कानातील क्रमांक व विमापत्रातील क्रमांक एकच आहे की नाही, हेच प्रथम पाहिले जाते.