मूठ बघण्याआधी बैठक बघा

गेल्या महिन्यात एक आजी तीन वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. तक्रार पायाची होती, उजवी टाच टेकत नव्हती. हातांबद्दल विचारले तर म्हणाल्या, "हात चांगलेत डॉक्टरसाहेब. डावखुरी आहे, एवढंच. सहाव्या महिन्यापासून सगळं डाव्यानंच घेते."

पालकहो, हे वाक्य कानावर आले की मी सावध होतो. वर्षाच्या आतले निरोगी मूल दोन्ही हात सारखेच वापरते. त्या वयात ते एकच हात पुढे करत असेल, तर तो हात हुशार आहे असे नव्हे, दुसरा मागे पडला आहे. या मुलीचा उजवा अंगठा मुठीत दडलेला होता आणि मनगट आत वळलेले होते. निदान सेरेब्रल पाल्सीचे झाले. वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडतो, तो हा विकार. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, पण न वापरलेला हात आखडत जातो. दोन-अडीच वर्षे 'डावखुरी' या एका शब्दात गेली होती.

माझीही चूक सांगतो. पहिल्या दिवशी मी तिला आईच्या मांडीवरच तपासले आणि कागदावर 'उजव्या हाताने पकड नाही' असे लिहिले. दुसऱ्या खेपेस पाय टेकतील अशा खुर्चीत, कोपराच्या उंचीच्या टेबलाशी बसवले, तर तिने त्याच हाताने ठोकळा उचलला! धड सावरण्यातच ताकद खर्च होत असेल, तर हाताला काय उरणार?

पकड पाहताना आधी मनगट पाहावे. स्वतःचे मनगट आत वाकवून मूठ आवळून बघा, जोर निघून जातो. अशा मुलांना वस्तू धरण्यापेक्षा सोडणे अधिक जड जाते. ठोकळा वाटीत टाकायचा असतो, पण बोटे उघडत नाहीत. त्यानंतर दोन्ही हातांचा मेळ: डब्याचे झाकण काढणे, भाकरीचा तुकडा मोडणे. थोड्या मोठ्या मुलांना डोळे मिटून किल्ली की चमचा ते ओळखायला सांगतो, कारण हाताची जाणीव मंद असेल तर मूल तो हात विसरते.

२००६ मध्ये स्वीडनमधील तज्ज्ञांनी ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी हाताच्या वापराच्या पाच पातळ्या प्रसिद्ध केल्या. त्यात मूल दवाखान्यात काय करून दाखवते याला महत्त्व नाही, घरी रोज काय करते याला आहे. म्हणून मी आईलाच जास्त प्रश्न विचारतो. या आईने प्रांजळपणे सांगितले, "घाईत मीच भरवते."

आवळलेली मूठ बोटांची टोके ओढून उघडू नका. मनगट हळूच आत वाकवा, बोटे सैल पडतात. अंगठा बुडाशी धरून बाहेर घ्या. चांगला हात बांधून ठेवण्याचा उपचार आहे खरा, पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. जाताना मुलाची रोजची वाटी आणि चमचा बरोबर न्या.