गुऱ्हाळघराचा कोबा का फुटतो?



उसाच्या नोंदीसाठी शिवारात फिरताना, ज्यांची स्वतःची गुऱ्हाळे आहेत असे सभासद आम्हाला फुटका कोबा दाखवतात. "दोन वर्षांत फुटला, सिमेंटात भेसळ होती काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. दोष दर वेळी सिमेंटचाच असतो असे नाही. गुळाचा पाक सुमारे ११८ अंशांवर काहिलीतून वाफ्यात ओततात. त्या वेळी गुळव्याचा पाय भेगेत अडकला किंवा चिकट खड्ड्यात घसरला, तर जन्माचे नुकसान होते. म्हणून हा विषय समजून घेऊ.

पहिले कारण उष्णतेचे. काँक्रीट तापले की वाढते आणि निवले की आकसते. दहा मीटर लांबीची जमीन ३० अंशांनी तापली, तर सुमारे ३ मिलिमीटर वाढते. वाढायला जागा नसेल तर ती कुठेतरी उचलते किंवा फुटते. त्यात आधण उतरले की आपण लगेच गार पाणी मारतो. वरचा थर एकदम आकसतो, खालचा तापलेलाच राहतो. कंदिलाच्या तापल्या काचेवर थेंब पडला की काच तडकते, तसेच इथे होते. नुसत्या उष्णतेपेक्षा हा अचानक बदल जास्त घातक.

दुसरे कारण आंबटपणाचे. सांडलेला रस आंबतो. त्यातले आम्ल सिमेंटमधला चुना खाते. शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड, म्हणून तीही झिजते. आपला काळा दगड आम्लाला त्या मानाने चांगला टिकतो.

इतर उद्योग काय करतात ते बघा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिडाचा रस साधारण १,३५० ते १,४०० अंशांवर ओततात. असा रस उघड्या काँक्रीटवर सांडला तर आतल्या ओलाव्याची एकदम वाफ होते आणि कपच्या उडतात. म्हणून ओतकामाच्या जागी कोरडी वाळू पसरतात. दुधाच्या धंद्यात प्रकार वेगळा. तिथे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून ४ अंशांपर्यंत गार करतात आणि यंत्रे गरम पाण्याने धुतात. अशा ठिकाणी पॉलियुरेथेन-सिमेंटचा ६ ते ९ मिलिमीटर थर देतात. त्याची वाढ काँक्रीटच्या वाढीच्या जवळपास असते, म्हणून तो सुटत नाही. साधा इपॉक्सीचा रंग मात्र काँक्रीटच्या कितीतरी पट वाढतो आणि साधारण ६० अंशांपुढे मऊ पडतो. चकाकी बघून तो गुऱ्हाळात मारू नये.

प्रत्येक सभासदाला असा महाग थर परवडणार नाही. त्याची गरजही नाही. जागा बघून जमीन करावी :

१) चुलवाणाच्या तोंडाशी फायर ब्रिकच्या विटा फायर क्लेमध्ये बसवाव्यात, सिमेंटात नव्हे. विटा आणि कोबा यांच्यामध्ये दोन बोटे फट ठेवून ती कोरड्या वाळूने भरावी.

२) काहील व वाफ्याभोवती टाकीचा काळा दगड बसवावा. तो घासून गुळगुळीत करू नये, पाय घसरतो.

३) बाकीच्या जागी १० सेंटीमीटर जाडीचे काँक्रीट करून दर ३ मीटरला सांधा सोडावा. गार भागातले सांधे डांबराने भरले तरी चालतात. चुलवाणाजवळ डांबर वितळते, तिथे वापरू नये.

४) मीटरला दीड ते दोन सेंटीमीटर उतार द्यावा, म्हणजे रस साचून आंबणार नाही.

५) सांडलेला पाक आधी निवू द्यावा, खरवडून काढावा, मग पाणी मारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी खास ध्यानात ठेवावी. साखर ही ओल्या सिमेंटची वैरीण आहे. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यात ५० ग्रॅम साखर गेली, तरी ते जमायला फार वेळ लागतो. काहील धुतलेले पाणी कालवायला घेऊ नये. नव्या कोब्यावर ओली पोती टाकताना साखरेची किंवा गुळाची पोती वापरू नयेत. वरचा थर कच्चा राहतो आणि पुढे भुसभुशीत होऊन निघतो.

काम गुळाचा हंगाम उरकल्यावर, पावसाच्या आधी करावे. कोब्याला किमान १० दिवस पाणी मारावे आणि २८ दिवस झाल्याशिवाय चुलवाण पेटवू नये. दसऱ्याला कोबा घालून दिवाळीला आधण चढवले, तर तो पक्का व्हायच्या आतच तापतो.

गवंड्याला काम सांगण्याआधी चुलवाण, वाफा, पाण्याची वाट आणि सांधे यांचा साधा नकाशा कागदावर काढावा. नकाशा काढताना अडचण आली तर आमच्या गट कार्यालयात यावे, आम्ही सोबत बसून तो पुरा करून देऊ.