मातीची चव

प्रश्न : इटलीत एकेका द्राक्षमळ्याच्या नावाने रेड वाइन विकतात. जमिनीने चव खरंच बदलते का? – एक वाचक, रेवस

उत्तर : बदलते. रेवसकरांना दाखला तालुक्यातच सापडेल. भातकापणीनंतर त्याच शेतात लावलेला आणि माळा विणून विकला जाणारा अलिबागचा गोडसर पांढरा कांदा! त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

इटलीतल्या बारोलो या वाइनच्या प्रदेशातही तेच. द्राक्षाचं वाण एकच, नेबिओलो. पण तिथल्या ला मोर्रा गावाच्या निळसर, चुनायुक्त मातीतली वाइन सुगंधी आणि मऊ. सेर्रालुंगा गावाच्या घट्ट मातीतली तुरट, वर्षानुवर्षं मुरणारी. मातीला हवेचीही साथ लागते : दिवसाच्या उन्हाने द्राक्षात साखर भरते, थंड रात्री आंबटपणा टिकवतात.

किनाऱ्यावरच्या रेवसची हवा रात्रीही उबदार, दमट. म्हणूनच महाराष्ट्रातली वाइनची द्राक्षं मुख्यतः नाशिकच्या पठारावर, कोरड्या हिवाळ्यात पिकतात.