तीन पत्ती आणि 'आता येणारच'

सातम-आठमला आमच्या बडोद्यात अनेक घरांत तीन पत्तीचा फड बसतो. मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून की काय, दरवर्षी मला एकच प्रश्न येतो: "सर, सहा डाव जोडी लागली नाही, आता लागायलाच हवी ना?"

५२ पानांतून तीन-तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी ३,७४४ संचांत नेमकी जोडी असते, म्हणजे शेकडा सुमारे १७. या हिशेबाने सलग सहा डाव कोरडे जाणे १०० पैकी सुमारे ३३ वेळा घडायचेच. त्यात नवल ते काय? आणि पत्ते नीट पिसले की सातव्या डावातही शेकडा १७च. मागचे डाव कॅटाला ठाऊक नसतात. (न पिसता पुढची पाने वाटली तर मात्र गणित बदलते, कारण गेलेली पाने कॅटात नसतात. 'आता येणारच' म्हणणारा बहुधा या दोन गोष्टींची गल्लत करतो.)

माँटे कार्लोच्या जुगारघरात १८ ऑगस्ट १९१३ रोजी चक्रावर काळा रंग सलग २६ वेळा आला. लाल येणारच, या भरवशावर लोक पैसे लावत राहिले आणि बुडाले.

बरोबरीच्या पैजेत दर हरीनंतर रक्कम दुप्पट करणारा तर एक रुपयापासून निघून सहा डावांत ६३ रुपये घालवतो, सातव्याला ६४ लावतो, आणि जिंकलाच तर त्याच्या पदरात पडतो एक रुपया.