पुन्हा पहिल्यापासून

"गुरुजी, अर्धं वय सरलं. आता शिकून काय व्हायचं?" असे आम्हाला रात्रीच्या वर्गात पुष्कळ जण विचारतात. त्यांना आम्ही रायखनबाख यांची हकिगत सांगतो. नाव अवघड आहे. सावकाश वाचा : राय-खन-बाख.

हे जर्मनीतले विद्वान. यांचा जन्म सन १७९३ मध्ये लाइपझिग शहरी झाला. झाडे आणि पाखरे, दोहोंचा त्यांना नाद. सन १८२० मध्ये ते ड्रेस्डेन शहरात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी नाना वनस्पतींची बाग उभी केली. तिथल्या संग्रहालयाचा कारभारही त्यांच्याकडे आला. संग्रहालय म्हणजे पाहण्यासारख्या वस्तू जपून ठेवण्याचे घर.

सन १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये राजाविरुद्ध उठाव झाला. त्या धामधुमीत आग लागली आणि संग्रहालयाचा मोठा भाग जळाला. आपली कडब्याची गंजी पेटली, तर वर्षाची वैरण जाते. इथे एकोणतीस वर्षांच्या मेहनतीची राख झाली. रायखनबाख तेव्हा ५६ वर्षांचे होते.

पण ते हातपाय गाळून बसले नाहीत. पुन्हा एकेक वस्तू जमवू लागले. सन १८५१ मध्ये त्यांनी पाखरांचे मोठे सचित्र पुस्तक छापायला काढले.

समुद्रातले काही मऊ जीव अर्कात बुडवून ठेवले, तरी त्यांचा रंग उडतो, आकार बिघडतो. मग ते लोकांना दाखवायचे कसे? ब्लाश्का नावाचा एक काचकाम करणारा कारागीर होता. तो काचेची फुले करी, अगदी खऱ्यासारखी. रायखनबाखांनी ती पाहिली. सन १८६३ मध्ये त्यांनी त्याच्याकडून तसेच काचेचे समुद्रजीव करवून घेतले. तेव्हा त्यांचे वय ७० होते! सन १८७४ पर्यंत ते संग्रहालयाचे काम पाहत होते. सन १८७९ मध्ये ते वारले.

मंडळी, जळाले ते जळालेच. ते काही परत आले नाही. पण एवढा मोठा विद्वान ५६ व्या वर्षी पुन्हा पहिल्या वस्तूपासून सुरुवात करतो. मग आपल्याला पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायला लाज कसली?

उद्या वर्गाला येताना एक काम करा. आपल्या बांधावरचे एक झाड आणि त्यावर बसणारे एक पाखरू नीट पाहा. दोघांची नावे पाटीवर लिहून आणा. चुकली तर पुसू, आणि पुन्हा लिहू.