‘टेक’ आणि ‘घेणे’

‘टेक’ म्हणजे ‘घेणे’ एवढ्या एकाच अर्थावर आमची मुले थांबतात आणि फसतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक ती घेतो. इंग्रजीत परीक्षा ‘टेक’ करणारा विद्यार्थीच. माझ्या नोकरीच्या पहिल्या अर्जात ‘आय गेव्ह द एक्झॅमिनेशन’ असे वाक्य होते. त्याखालची तांबडी रेघ आजही डोळ्यांपुढे आहे.

पुष्कळदा मात्र मराठीच वाट दाखवते. आपण स्पर्धेत भाग घेतो, म्हणून ‘टेक पार्ट इन’. आजीची काळजी घेतो, म्हणून ‘टेक केअर ऑफ’. ‘त’ तेथे ‘इन’, ‘ची’ तेथे ‘ऑफ’. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्यातून पाणी घेतले, तेथे ‘टेक वॉटर फ्रॉम’. म्हणून वहीत सुटे ‘टेक’ लिहू नये; नाम व शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहावे.

मुलांना आपण सोपाऱ्याच्या स्तूपाकडे नेतो, तेही ‘टेक’च, पुढे ‘टु’. (पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याचे उत्खनन १८८२ मध्ये केले, हे इतिहासाच्या शिक्षकाला सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्याच मुलांना शाळेत परत आणले, की ‘ब्रिंग’.

त्रिशरणात पाली ‘गच्छामि’ म्हणजे ‘जातो’. मराठीतही आपण शरण जातो. इंग्रजीत ‘टेक रेफ्यूज इन’ आणि ‘गो फॉर रेफ्यूज टु’ अशी दोन्ही रूपे रूढ आहेत. परीक्षेत कोणतेही लिहा, पण दोहोंची सरमिसळ करून ‘टेक रेफ्यूज टु’ लिहू नका. दरवर्षी निम्म्या वह्यांत तेच सापडते.